गिदोनाच्या चरित्रावरून काही बोध

(ह्या पाठासाठी शास्ते ह्या पुस्तकाचे अध्याय ६ ते ९ वाचावे.)

गिदोनाचे नाव घेताच आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांच्या डोळ्यांपुढेही तीनशे माणसे, मडकी, मशाली व रणशिंगे उभी राहतात. शब्बाथशाळेत ही गोष्ट आपण ऐकली आहे आणि पुढे आपल्या मुलांसही सांगितली आहे. परंतु बहुतेक वेळा आपण ती विजयाच्या रात्रीपाशीच संपवितो. शास्त्र ती तेथे संपवीत नाही. ह्या वीराच्या आरंभीच्या भयावर शास्त्रलेखकाने जसे पांघरूण घातले नाही, तसे त्याच्या उतारवयातील चुकीवरही घातले नाही. सबंध चरित्र वाचले तर त्यातून मिळणारा बोध निराळा होतो, आणि आमच्या मते तो आपल्या खेडेगावच्या ख्रिस्ती जनांस अधिक उपयोगाचा आहे.

आरंभी प्रसंग काय होता तो पाहू. इस्राएल लोक पेरणी करीत, आणि पीक हाती येण्याच्या सुमारास मिद्यानी, अमालेकी व पूर्वेकडील लोक उंटांवर बसून टोळधाडीप्रमाणे देशात उतरत. मेंढरू, बैल, गाढव काहीच मागे राहत नसे. असे सात वर्षे चालले होते. लोक डोंगरांतील कपारींत व गुहांत जाऊन राहू लागले होते. १८१७-१८ च्या युद्धात पेंढाऱ्यांचा मोड झाला, त्यापूर्वी आपल्या दख्खनेतील कुणब्याने जे भोगले त्याची ज्यास कल्पना आहे, त्यास हे वर्णन परके वाटणार नाही. पीक उभे आहे तोवर पोटात आशा, आणि क्षितिजावर धूळ दिसली की पोटात गोळा.

अशा दिवसांत गिदोन द्राक्षकुंडात गहू झोडीत होता. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या वाचकास ह्या एका वाक्यातच सगळे कळेल. गव्हाची मळणी खळ्यावर व्हावयाची. खळे उंचावर, वाऱ्याच्या तोंडी असते. मध्ये तिवडा, भोवती बैलांची पात, आणि उफणणीच्या वेळी भूस उडते ते दूरच्या माणसासही दिसते. द्राक्षकुंड म्हणजे खडकात खोदलेला खोल हौद. तेथे ना बैल, ना वारा. तेथे काठीने झोडता येईल तेवढेच धान्य हाती यावयाचे, आणि तेही आवाज बेताने करून. एवढे भय ज्याच्या मनात होते, त्याच मनुष्यास परमेश्वराच्या दूताने बलवान वीर अशी हाक मारली. वाचणाऱ्यास ही थट्टा वाटेल; परंतु ती थट्टा नव्हती. देवाने त्याच्याकडे पाहिले ते तो आज कोठे लपला आहे एवढेच पाहून नव्हे.

गिदोनाने उत्तर दिले ते तक्रारीचे होते. परमेश्वर आमच्या बरोबर असता तर ही दशा आम्हांवर का यावी, आणि वाडवडिलांनी सांगितलेले ते चमत्कार आता कोठे गेले, असे त्याने विचारले. ध्यानात घ्या की ह्या प्रश्नाबद्दल त्यास एका शब्दानेही दोष लावलेला नाही. आपल्यांतील कित्येकांस वाटते की भक्तिमान मनुष्याने असे विचारू नये. दुष्काळात, मूल दगावल्यावर, सावकाराने शेत घेतल्यावर जो प्रश्न मनात येतो तो प्रार्थनेत आणावयाचा नाही, आणि प्रार्थनेत केवळ ठरलेली वाक्ये म्हणावयाची, ही आपली रीत गिदोनाची नव्हे. त्याने जे मनात होते तेच देवापुढे मांडले.

त्याची दुसरी सबब मात्र आम्हांस इतकी सरळ वाटत नाही. आपले घराणे मनश्शे वंशात सर्वांत दरिद्री आणि त्या घरात आपण सर्वांत धाकटे, असे तो म्हणाला. पण त्याच अध्यायात पुढे तो आपल्या चाकरांपैकी दहाजण बरोबर घेऊन जातो. दहा गडी पाठविता येतात असे घर गावात अगदीच दरिद्री नसते! गावची बआलाची वेदीही त्याच्या बापाच्याच जागेत होती. देवाचे काम पुढे आले की आपण किती गरीब आहो हे आपणांस एकाएकी आठवते. लग्नाच्या मांडवात ते आठवत नाही.

आता त्याच रात्रीची आज्ञा पाहा. मिद्यान्यांवर चालून जा, ही गोष्ट अजून दूर होती. प्रथम आपल्या बापाची बआलाची वेदी मोडावी, तिच्याजवळची अशेरा मूर्ति तोडावी, तिच्याच लाकडांवर सात वर्षांचा गोऱ्हा अर्पावा, असे त्यास सांगितले. सात वर्षांचा गोऱ्हा आणि सात वर्षांचा जुलूम, हा मेळ शास्त्राने उलगडून सांगितलेला नाही. तरी वाचताना तो मनात राहतो. गिदोनाने आज्ञा पाळली, पण घरच्यांचे व गावकऱ्यांचे भय वाटून ती रात्री पाळली. शास्त्र हे लपवीत नाही, आणि रात्री केलेले आज्ञापालन देवाने नाकारलेही नाही. ज्या विश्वासणाऱ्यास अजून चारचौघांत उभे राहून बोलण्याचे धैर्य नाही, त्याने ह्या ठिकाणी थोडे थांबून विचार करावा.

परंतु एक गोष्ट आम्ही येथे स्पष्ट सांगू इच्छितो, कारण हा अध्याय चुकीच्या रीतीने वाचला जाण्याचा संभव आहे. गिदोनास आपल्याच बापाच्या घरची वेदी मोडावयास सांगितले होते. शेजाऱ्याचे देऊळ पाडण्यास ह्या वचनात आधार शोधणाऱ्याने ते नीट वाचलेले नाही. आपल्या घरात काय उभे आहे ते पाहावे. काही ख्रिस्ती घरांतून मूर्ति गेल्या, पण सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारणे गेले नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव एका ओळीत, आणि पंगतीत बसावयाचे ते आजोबांच्या जातीप्रमाणे! ही वेदी बापाची आहे, म्हणून ती मोडणे कठीण. कर्ज काढून केलेले लग्न, पोरांच्या पोटात न जाता दारूच्या गुत्त्यात गेलेली मजुरी, ह्यांविषयी आपण मंडळीत बोलतो तरी; जातीविषयी बोलताना आवाज खाली येतो, जसा द्राक्षकुंडात गहू झोडणाऱ्याचा यावा.

सकाळी गावकरी जमले व गिदोनाचा जीव मागू लागले. तेव्हा ज्याची वेदी मोडली तो बाप, योवाश, पुढे झाला. बआल देव असेल तर त्याने आपला कैवार आपण घ्यावा, तुम्ही कशाला घेता, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. मुलगा सर्वांत अधिक ज्याला भ्याला, तोच त्याच्या पाठीशी उभा राहिला. असे नेहमी घडते असे आम्ही म्हणणार नाही. ह्या देशात कित्येकांस बाप्तिस्म्यानंतर बापाच्या घराचे दार पुन्हा उघडले नाही. पण पुष्कळ वेळा आपले भय ज्याच्यावर खिळलेले असते, त्याचे मन आपण विचारलेलेच नसते. त्या दिवसापासून गिदोनाचे नाव यरुब्बाल पडले. दक्षिण इस्राएलात लाखीशजवळच्या एका टेकाडावर चाललेल्या उत्खननात मातीच्या भांड्याचे तुकडे मिळाले, त्यांवर शाईने हेच नाव लिहिलेले आहे, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. ते तुकडे सुमारे ३१०० वर्षांपूर्वीचे ठरविले आहेत. ते भांडे आपल्या गिदोनाचेच होते असे कोणी म्हणू शकत नाही, आणि म्हणण्याची गरजही नाही. पण असे नाव त्या काळी माणसांस ठेवीत असत, एवढे त्यावरून दिसते.

लोकरीच्या गोष्टीविषयी थोडेच लिहितो. एका रात्री लोकर भिजली व भूमि कोरडी राहिली, दुसऱ्या रात्री भूमि भिजली व लोकर कोरडी राहिली. देवाने ह्या अशक्त मनाचे सोसून घेतले. तो आपणांस कित्ता म्हणून दिलेला आहे असे आम्हांस वाटत नाही, कारण काय करावे हे गिदोनास आधीच सांगितलेले होते. आपल्या आसपास देवास कौल लावण्याची चाल आहे. आणि ख्रिस्ती मनुष्यही डोळे मिटून शास्त्र उघडतो, बोट पडेल त्या वचनास कौल समजतो, आणि मनाजोगते वचन आले नाही तर पुन्हा उघडतो.

पुढे सैन्य जमले. हरोद झऱ्यापाशी, गिलबोवा डोंगराच्या पायथ्याशी, ३२,००० माणसे होती. जो भितो त्याने घरी जावे, असे सांगताच २२,००० निघून गेली. राहिलेल्या १०,००० पैकी पाण्यावरील परीक्षेनंतर ३०० उरली. म्हणजे मूळच्या शंभरांतून एकही पुरते नाही. ज्यांनी हाताने पाणी तोंडाशी नेऊन चाटले ते सावध होते व जे गुडघे टेकून प्याले ते बेसावध, असा अर्थ पुष्कळ उपदेशक करितात. शास्त्राने असे कारण दिलेले नाही. जे कारण दिले आहे ते एकच: इस्राएलाने आपल्या हाताने आपण सुटलो अशी बढाई मारू नये. तीनशे माणसे अधिक चांगली होती म्हणून निवडली, असे म्हटले की तीच बढाई मागच्या दाराने आत येते.

ज्या मंडळीत रविवारी बारा-पंधरा माणसे जमतात तिला ह्या संख्येवरून धीर येतो, व तो यावा. पण थोडे असणे हाच काही सद्गुण नव्हे. भांडणाने माणसे गेली आणि राहिलेल्यांनी आपणांस गिदोनाची तीनशे म्हणवून घेतले, तर तो ह्या अध्यायाचा अपमान होय. घरी गेलेल्या भित्र्यांस देवाने शिक्षा केली नाही हेही पाहण्याजोगे आहे. विजयानंतर शत्रूचा पाठलाग करण्यास नफ्ताली, आशेर व मनश्शे येथील लोक पुन्हा जमले. झऱ्यावरून परतलेले काहीजण त्यांत असावेत असे आम्हांस वाटते. जो आज उभा राहू शकला नाही त्याचे नाव आपण किती लवकर वहीतून काढतो!

त्या रात्री गिदोनाचे भय गेलेले नव्हते. तू भीत असलास तर आपला चाकर पुरा ह्यास घेऊन छावणीजवळ जा, असे देवाने त्यास सांगितले. आणि तो पुरास घेऊन गेला, ह्यावरून तो भीत होता हे उघड आहे. तेथे त्याने एका मिद्यान्यास आपले स्वप्न सांगताना ऐकले. जवाची भाकर गडगडत छावणीत आली व तिच्या धक्क्याने डेरा उलथून पडला. जव म्हणजे गरिबाचे धान्य. गव्हाची पोळी नव्हे, मेजवानीचे पक्वान्न नव्हे. आपल्याकडे बाजरीची भाकरी म्हणावी तशी ती भाकर. आणि तिने राजांचे डेरे पाडले. गिदोनाने तेथेच नमन केले. दूताने त्यास वीर म्हटले तेव्हा जे झाले नव्हते, ते शत्रूच्या तोंडून आपण भाकर आहो हे ऐकल्यावर झाले.

मग शंभर-शंभरांच्या तीन टोळ्या, मधल्या पहाऱ्याच्या आरंभी, छावणीच्या भोवती उभ्या राहिल्या. प्रत्येकाच्या उजव्या हातात रणशिंग व डाव्या हातात मशाल होती. तरवारीच्या नावाने त्यांनी आरोळी मारली खरी, पण हातांत तरवार धरावयास जागाच नव्हती. मडकी फुटली नसती तर उजेडही दिसला नसता. आपली संपत्ति मातीच्या भांड्यांत आहे असे पौलाने करिंथकरांस लिहिले. ते लिहिताना ही मडकी त्याच्या मनात होती की नाही हे आम्हांस ठाऊक नाही, परंतु आमच्या मनात ती येतात. आपण आपले मडके शाबूत राहावे म्हणून किती जपतो!

येथपर्यंतची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आता जी सहसा सांगितली जात नाही तिच्याकडे वळू.

एफ्राईमाचे लोक गिदोनावर रागावून आले. लढाईस आम्हांस का बोलाविले नाही, असे ते भांडू लागले. एफ्राईम मोठा व बलाढ्य वंश होता. गिदोनाने त्यांस गोड उत्तर दिले: तुमचा द्राक्षांचा सरवा आमच्या सबंध पिकाहून अधिक, तुम्ही ओरेब व जेब हे सरदार धरले, तुमच्यापुढे मी काय केले? त्यांचा राग उतरला. हे उत्तर प्रत्येक पंचाने व प्रत्येक पाळकाने तोंडपाठ करावे असे आहे.

पण त्याच अध्यायात थोड्या ओळी पुढे सुक्कोथ गाव येते. तीनशे माणसे थकली होती, भुकेली होती, तरी पाठलाग करीत होती. गिदोनाने भाकरी मागितल्या. सुक्कोथच्या सरदारांनी दिल्या नाहीत. मिद्यानी राजे जेबह व सलमुन्ना अजून तुझ्या हाती आले आहेत काय, असे ते म्हणाले. पनुएलकरांचे उत्तरही तसेच. भुकेल्यास भाकर नाकारणे हे पाप होते. त्याची आम्ही वकिली करीत नाही. पण त्यांना भय कशाचे होते? मिद्यानी परत येतील ह्याचेच. गिदोनास द्राक्षकुंडात ज्याचे भय होते त्याचेच! त्यास देवाने दूत दिला, खडकातून अग्नि दाखविला, लोकरीच्या दोन खुणा दिल्या आणि शेवटी शत्रूचे स्वप्न ऐकविले. त्याने सुक्कोथकरांस एकही खूण दिली नाही. परत येताना त्याने एका तरुणास धरून सत्याहत्तर वडील व सरदारांची नावे लिहवून घेतली, आणि रानातील काटे व काटेझुडपे घेऊन त्यांस धडा शिकविला. पनुएलचा बुरूज पाडला आणि गावची माणसे मारली. बलाढ्य एफ्राईमाशी मृदु आणि दुबळ्या सुक्कोथशी कठोर. मामलेदारापुढे हात जोडणारा व घरी येऊन बायकोवर हात उचलणारा मनुष्य आपल्या ओळखीचा नाही काय?

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट. धरलेल्या त्या दोन राजांनी ताबोर येथे गिदोनाच्या सख्ख्या भावांस मारिले होते. गिदोनाने आपला थोरला मुलगा येथेर ह्यास त्यांस ठार करावयास सांगितले. मुलाने तरवार उपसली नाही. तो भ्याला, कारण तो अजून लहान होता. शास्त्रात येथेराविषयी एवढेच आहे. त्याच्या बापाचे भय देवाने किती हळू हाताने हाताळले होते. आणि बापाने मुलाच्या हाती काय दिले?

लोकांनी गिदोनास आपल्यावर राज्य करण्यास विनविले. त्याने नाकारले. मी नव्हे, माझा मुलगाही नव्हे, परमेश्वर तुम्हांवर राज्य करील, हे त्याचे म्हणणे होते. ह्याहून चांगले उत्तर कोण देईल? पण नकार देऊन त्याच दमात त्याने लुटीतील कुंडले मागितली. लोकांनी वस्त्र पसरले व ते भरले. सोने १७०० शेकेल झाले, म्हणजे आपल्या वजनाने साधारण १६०० तोळे; चंद्रकोरी, लोलक, राजांची जांभळी वस्त्रे आणि उंटांच्या गळ्यातील साखळ्या निराळ्या. त्या सोन्याचे त्याने एफोद करून आपल्या अफ्रा गावी ठेविले. एफोद हे याजकाचे वस्त्र; त्याने ते वाईट हेतूने केले असे शास्त्र म्हणत नाही. उपकारस्तुतीची खूण म्हणून केले असावे. पण सर्व इस्राएल त्याच्या नादी लागले, आणि ते गिदोनास व त्याच्या घराण्यास पाश झाले. ज्याने बापाची वेदी मोडली त्याने त्याच गावी दुसरी वस्तु उभी केली. ही तर त्याची स्वतःची होती. ती रात्री येऊन मोडणारा कोणी निघाला नाही.

आपल्या मंडळ्यांत असे एफोद आम्ही पाहिले आहेत. आजोबांनी खपून, दगड वाहून मंदिर बांधले. ते खरोखर भक्तीचे काम होते. नातवाच्या वेळी त्या भिंतीवरील नावाची पाटी वचनाहून मोठी होते. आम्हांस पद नको, आम्ही केवळ सेवक, असे म्हणणारे वडील आम्हांस ठाऊक आहेत. परंतु मंदिराच्या चाव्या त्यांच्याच कमरेस असतात आणि पुढे त्या मुलाच्या कमरेस जातात. मंडळीचा पैसा कोणाच्या पेटीत आहे हे विचारणाऱ्यास एफ्राईमाचे गोड उत्तर मिळत नाही, सुक्कोथचे मिळते. असे लिहिताना आम्ही आपणांस बाजूस ठेवीत नाही. जे काम देवाने आमच्या हातून एकदा करविले त्याच्याविषयी बोलण्यास आम्हांसही फार आवडते.

गिदोन राजा झाला नाही, पण राजासारखा राहिला. पुष्कळ बायका, सत्तर पुत्र, आणि शखेमात एक उपपत्नी. तिला झालेल्या मुलाचे नाव अबीमलेख. ह्या नावाचा अर्थ माझा बाप राजा असा होतो. तोंडाने नाकारलेले राज्य मुलाच्या नावात राहिले. गिदोनाच्या हयातीत देशास चाळीस वर्षे स्वस्थता मिळाली, हे शास्त्राने न विसरता लिहिले आहे. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने वागलेल्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. त्या यादीत एफोदाचा उल्लेख नाही. तो शास्त्यांच्या पुस्तकात आहे, आणि दोन्ही पुस्तके आपल्या हाती दिलेली आहेत.

गिदोन म्हातारा होऊन वारला व अफ्रा येथे आपला बाप योवाश ह्याच्या कबरेत त्यास पुरले. मग अबीमलेखाने शखेमकरांकडून बआल-बरीथाच्या देवळातील सत्तर रुपे घेतली, रिकामटेकडी व उनाड माणसे भाड्याने ठेविली, अफ्रा येथे बापाच्या घरी गेला आणि आपल्या भावांस एकाच धोंड्यावर मारिले. धाकटा योथाम तेवढा लपला म्हणून वाचला. ज्या गावी गिदोनाने आपले पहिले अर्पण खडकावर ठेविले होते, आणि तेथे बांधलेल्या वेदीस परमेश्वर शांति आहे असे नाव दिले होते, ते गाव हेच.